वाकल्यावरचं शून्य: स्नायूचं की कोडचं?

आधी लक्षणं सांगते. पाठीला इलेक्ट्रोड लावून स्नायूंची विद्युत हालचाल मोजणारा एक छोटा प्रोग्राम मी सी प्लस प्लसमध्ये लिहिला आहे. माणूस पुढे वाकू लागला की स्क्रीनवरचा आकडा चढायचा, आणि पूर्ण वाकून थांबला की ०.०० व्हायचा. हे चुकीचं आहे हे कळायलाच तीन आठवडे गेले. दुरुस्त केलं. दोन महिन्यांनी तेच शून्य परत आलं. पुन्हा दुरुस्त केलं. मग इलेक्ट्रोडचा सिग्नल आकड्यांत बदलणारा बोर्ड नवीन बसवला, आणि या वेळी शून्य नाही, पण सगळेच आकडे जवळपास तीस टक्क्यांनी उतरले. तिन्ही वेळा मूळ एकच निघालं: व्हेरिएबलचा टाइप, म्हणजे त्यात पूर्णांक राहणार की दशांश, मी लिहिला नव्हता. तिथे नुसतं ‘ऑटो’ लिहिलं होतं, म्हणून तो कंपायलरने (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) उजवीकडच्या किमतीवरून ठरवला होता.

सेन्सरचं, मोजमापाचं काम करणाऱ्या कुणाकडेही हे घडू शकतं. पाठीशी तुमचा संबंध नसला तरी मधला शरीररचनेचा भाग वगळू नका. चूक इतके दिवस लपून राहिली ती पाठीच्या एका खऱ्या गुणधर्मामुळेच.

खालचा कोड आपण फोनवर एकमेकांना जसा वाचून दाखवतो तसा लिहिला आहे.

पाठ कुणाची, मोजणी कशासाठी

माझी मावसबहीण कोपरखैरण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. मी ऐरोलीला राहते. शनिवारी दुपारी ठाणे-वाशी लोकलने तिसऱ्या स्टेशनावर उतरलं की तिचं क्लिनिक. तिच्याकडे येणारे बरेच जण एपीएमसी मार्केटमधले माथाडी कामगार असतात, दाणाबंदर नाहीतर कांदा-बटाटा मार्केटमधले. ५० किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरायचं, गाळ्यात थप्पी लावायची, परत फिरायचं. माथाडी कायदा १९६९ सालचा आहे, त्याने नोंदणी आणि माथाडी मंडळं आणली. गोणी उचलायला वाकणं मात्र आजही ज्याचं त्यालाच.

ताईला एक साधी गोष्ट बघायची होती: दुखणाऱ्या पाठीचे स्नायू वाकल्यावर सैल पडतात की नाही. त्यासाठी मी एक बोर्ड, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि हा प्रोग्राम जुळवला.

इलेक्ट्रोड कुठे लावायचे हे समजून घेताना तिने मला पाठीचे थर शिकवले. त्वचेखाली पहिला थर मोठ्या, पसरट स्नायूंचा. ट्रॅपीझियस कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत खाली येतो आणि दोन्ही बाजूंना खांद्याला जाऊन मिळतो. लॅटिसिमस डॉर्साय पाठीच्या खालच्या अर्ध्या भागातून निघून काखेखालून थेट दंडाच्या हाडाला चिकटतो. ट्रॅपीझियस बाजूला केला की ऱ्हॉम्बॉइड आणि लेव्हेटर स्कॅप्युली दिसतात, फऱ्याला कण्याकडे आणि वर खेचणारे. मी वहीत या सगळ्यांपुढे ‘पाठीचे स्नायू’ असं लिहिलं, तर ताईने ते खोडलं.

"अगं, हे पाठीत राहतात, पण कामं हाताखांद्याची करतात. स्नायू कुठे दिसतो ते बघू नकोस, त्याची नस कुठून येते ते बघ."

ट्रॅपीझियसला कवटीतून बाहेर पडणाऱ्या नसांपैकी अकरावी नस येते. लॅटिसिमस, ऱ्हॉम्बॉइड यांना मज्जारज्जूच्या नसांच्या पुढच्या शाखा. कण्याचे स्वतःचे जे स्नायू आहेत त्यांना मात्र त्याच नसांच्या मागच्या शाखा येतात. पोटातल्या गर्भात हातांच्या बाजूला तयार झालेले स्नायू पुढे पाठीवर पसरले, पण नस मूळचीच घेऊन आले.

कण्याचे म्हणावेत असे स्नायू त्या पसरट थराच्या खाली आहेत. इरेक्टर स्पायनी हा त्यातला मुख्य. त्रिकास्थी (कण्याच्या बुडाचं तिकोनी हाड) आणि कमरेच्या हाडाच्या कडेवरून एका जाड कंडऱ्याने तो सुरू होतो आणि वर जाताना त्याचे तीन पट्टे होतात: बाहेरून आत इलिओकोस्टॅलिस, लाँजिसिमस, स्पायनॅलिस. उघड्या पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन फुगीर दोऱ्या दिसतात त्या याच. ओझं वाहणाऱ्या माणसाच्या पाठीवर त्यांच्यामध्ये कणा ओढ्यासारखा खोल गेलेला असतो. याच्याही खाली मल्टिफिडसचे छोटे तुकडे, एकेक तुकडा दोन ते चार मणके ओलांडणारा, कमरेत सर्वांत जाड. त्वचेवरचा इलेक्ट्रोड इतक्या खोलवरचं नीट ऐकू शकत नाही. म्हणून आम्ही लाँजिसिमस निवडला. कमरेचा पहिला मणका बोटाने चाचपायचा, त्याच्या टोकापासून दोन बोटं बाजूला इलेक्ट्रोड, दोन इलेक्ट्रोडच्या केंद्रांमध्ये २० मिलिमीटर.

शून्यावर कुणालाच शंका का आली नाही

उभा माणूस गुडघे न वाकवता हळूहळू पुढे वाकतो तेव्हा इरेक्टर स्पायनी ब्रेकसारखा काम करतो. धड पडू नये म्हणून दोरी सैल सोडत जावी तसा तो लांबत जातो आणि लांबताना जोर लावतो. इलेक्ट्रोडवरचा आकडा चढतो. पण माणूस जवळपास पूर्ण वाकला की एका टप्प्याला हा स्नायू अचानक गप्प होतो. धडाचं वजन आता कण्यामागचे अस्थिबंध, मणक्यांमधल्या चकत्या आणि ताणलेल्या पेशीजालांवर लटकलेलं असतं. खोलवरचे काही स्नायू तेव्हाही काम करत असतात, वरचा मोठा पट्टा विसावतो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५५ मध्ये ही शांतता तपशिलाने मांडली. जुनाट पाठदुखी असलेल्या पुष्कळ माणसांमध्ये ही शांतता येतच नाही. पूर्ण वाकल्यावरही स्नायू घट्ट धरून राहतो. ताईला नेमकं हेच बघायचं होतं.

आता आमचा प्रोग्राम काय दाखवत होता? वाकताना आकडा वर, पूर्ण वाकल्यावर शून्य. पुस्तकातल्या निरोगी पाठीचं चित्र जसंच्या तसं. एक मामा होते, दाणाबंदरात पंचवीस वर्षं काढलेले. ते म्हणायचे, "ताई, वाकताना काय न्हाई, पण सरळ होताना अशी चमक मारती की श्वास अडकतो." ताई स्क्रीनकडे बघायची आणि म्हणायची, "मामा, स्नायू तर छान सैल पडतोय तुमचा." तीन शनिवार हेच झालं. मामांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं आणि आमच्या स्क्रीनवर जे दिसत होतं त्यात मेळ नव्हता, आणि आम्ही दोघींनी स्क्रीनवर विश्वास ठेवला. हे मला आजही टोचतं.

तिसऱ्या शनिवारी मी स्वतःच्या पाठीला इलेक्ट्रोड लावून घेतले आणि वाकल्यावर मुद्दाम पाठ ताठ केली. आकडा तरीही ०.००. तिथे खात्री पटली.

तेव्हा लक्षात आलेली गोष्ट, जी तुम्हीही पहिल्यांदा तपासावी अशी: स्नायूचं शून्य कधीही नेमकं ० नसतं. सैल स्नायूवरसुद्धा इलेक्ट्रोडला अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर येते, हृदयाचा ठोका येतो. आमच्या जोडणीत शांत पाठीचा आकडा ०.०५ च्या आसपास यायला हवा. लागोपाठ दहा सेकंद नेमकं ०.०० येणं हे जिवंत शरीराचं लक्षण नाही. कच्ची लहर हलते आहे आणि तिच्यावरून काढलेला आकडा नेमका शून्य आहे, असं दिसलं की वायर, जेल, इलेक्ट्रोड यांच्या मागे न लागता सरळ हिशोबाचा कोड उघडा.

पहिल्या वेळचं कारण

सिग्नल १०,००० पट वाढवून आम्ही व्होल्टमध्ये घेतो. सेकंदाला १,००० नमुने. प्रत्येक नमुन्याचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज, भागिले नमुने, त्याचं वर्गमूळ. ओळ अशी होती:

ऑटो बेरीज = अ‍ॅक्युम्युलेट(वर्ग.बिगिन(), वर्ग.एंड(), ०);

‘वर्ग’ या व्हेक्टरमध्ये (यादीत) सगळे डबल, म्हणजे दशांश संख्या आहेत, म्हणून बेरीजही डबल येणार, अशी माझी समजूत. अ‍ॅक्युम्युलेट (यादीची बेरीज करणारं तयार फंक्शन) मात्र बेरजेचा टाइप यादीतल्या आकड्यांवरून ठरवत नाही. तो तिसऱ्या आर्ग्युमेंटवरून, म्हणजे सुरुवातीच्या किमतीवरून ठरवतो. मी तिथे ० लिहिलं, ० हा इंट, म्हणजे पूर्णांक, म्हणून बेरीज इंट. मग प्रत्येक पायरीला इंटमध्ये डबल मिळवून उत्तर पुन्हा इंटमध्ये कोंबलं जातं आणि दशांश गळतो. ० अधिक ०.१६ झाले ०.१६, इंटमध्ये ठेवले की ०. पुढचा नमुना, पुन्हा ०. हजार नमुने प्रत्येकी ०.४ व्होल्टचे असतील तर वर्गांची खरी बेरीज १६०, आमची बेरीज ०.

एक व्होल्टच्या वर गेलेल्या नमुन्याचा वर्ग एकाहून मोठा, म्हणून तो थोडाफार टिकायचा. वाकताना लहरीची टोकं एक व्होल्टच्या पलीकडे जातात, म्हणून तिथे आकडा यायचा, खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी, पण चढ-उताराचा आकार बरोबर. वाकून थांबल्यावर दुखऱ्या पाठीचा घट्ट स्नायूसुद्धा एक व्होल्टच्या आतच असतो. त्यामुळे घट्ट काय, सैल काय, सगळ्यांचं शून्य. टाइपची एक चूक आणि शरीराचा एक खरा नियम, दोघांचं चित्र तंतोतंत जुळलं.

भागाकारात मी १०००.० असं काळजीपूर्वक लिहिलं होतं, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागण्याची चूक सगळ्यांना ठाऊक असते. बेरजेतलं ० निसटलं. माझ्या चाचण्याही निसटल्या, कारण त्यात आकडे १, २, ३ असे होते. पूर्णांकांवर ही चूक दिसतच नाही. मोजमापाच्या कोडची चाचणी कायम ०.०२, ०.१ असल्या आकड्यांवर घ्या.

कंपायलर का बोलला नाही? दशांश गळतो ती ओळ माझ्या फाइलीत नसून अ‍ॅक्युम्युलेटच्या आत, प्रमाण लायब्ररीच्या हेडरमध्ये आहे. जीसीसी हा कंपायलर सिस्टीम हेडरमधल्या वॉर्निंग मुळातच दाबून ठेवतो. क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या कुटुंबातल्या क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या साधनात मात्र ‘बगप्रोन-फोल्ड-इनिट-टाइप’ नावाची तपासणी आहे, ती नेमकी हीच चूक पकडते. मी ती आता प्रत्येक बिल्डमध्ये चालवते.

कोडला हात न लावता निदान करायचं असेल तर एकक बदलून बघा. तीच फाइल व्होल्टऐवजी मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे प्रत्येक नमुना १,००० ने गुणून चालवा. उत्तरही नेमकं १,००० पट यायला हवं. शून्याच्या जागी एकदम २२० उगवले तर ते शून्य कोडचं होतं. पण हा उपाय म्हणून ठेवू नका: मिलिव्होल्टचे वर्ग लाखांत जातात, हजार नमुन्यांत बेरीज ३२ बिटांच्या इंटची २१४७४८३६४७ ही मर्यादा गाठू शकते, आणि त्यापलीकडचा डबल इंटमध्ये घातल्यावर काय येईल याची भाषा कसलीच हमी देत नाही.

० चं ०.० केलं. मामांची पाठ पुन्हा मोजली. पूर्ण वाकल्यावर ०.२१. स्नायू अजिबात सैल पडत नव्हता.

दुसऱ्यांदा, आणि का

दोन महिन्यांनी एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मदतीला आला. हुशार आणि मेहनती मुलगा. पाव सेकंदाच्या खिडकीत आकडा काढणारं नवीन फंक्शन त्याने लिहिलं:

ऑटो बेरीज = ०;
फॉर (ऑटो क्ष : खिडकी) बेरीज += क्ष * क्ष;

तो पायथनमध्ये वाढलेला. पायथनमध्ये हाच कोड बरोबर चालतो, कारण तिथे नाव हे नुसतं लेबल असतं. ० मध्ये ०.१६ मिळवले की नाव नव्या दशांश संख्येला जाऊन चिकटतं. रस्ट या भाषेत लिहिला असता तर कंपाइलच झाला नसता. तिथे ० चा टाइप पुढच्या वापरावरूनही ठरू शकतो, पण पूर्णांकात दशांश मिळवायला भाषा नकार देते. एमएल कुळातल्या भाषांनाही हे चालत नाही. त्यांच्यामागचा टाइप काढण्याचा गणिती पाया संगणकशास्त्रज्ञ मिलनर यांनी १९७८ मध्ये घातला, आणि त्यात संपूर्ण अभिव्यक्तीवरून, मागेपुढे दोन्हीकडे बघून टाइप ठरतो. सी प्लस प्लसचा ऑटो फक्त सुरुवातीची किंमत बघतो आणि त्या ओळीतच निर्णय लावून टाकतो. व्हेरिएबल पुढे कुठे, कशासाठी वापरला जाणार आहे हे तो विचारत नाही. ताईचं वाक्य इथे मला शब्दशः लागू पडलेलं दिसलं: कुठे दिसतो ते बघू नकोस, कुठून आला ते बघ. ‘बेरीज’ दिसते दशांशांच्या गर्दीत, पण आली इंटमधून, आणि शेवटपर्यंत इंटच राहिली.

माझ्या मते त्या मुलाची चूक नव्हती. मी पहिल्या वेळी एक अक्षर बदललं आणि प्रकरण मिटलं असं समजले. चूक पुन्हा होऊ शकेल ती वाट उघडीच ठेवली होती.

या दुसऱ्या प्रकाराला जीसीसी वॉर्निंग देतो, पण ‘डब्ल्यू-कन्व्हर्जन’सारखा वॉर्निंगचा पर्याय वेगळा चालू केला असेल तरच. ‘डब्ल्यू-ऑल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ दोन्ही लावले तरी ती येत नाही. नावात ‘ऑल’ आहे म्हणून मी कित्येक वर्षं निर्धास्त होते.

ऑटोबद्दल राग धरू नये असंही मला वाटतं. सी प्लस प्लसचे जनक स्ट्राउस्ट्रुप यांनी तो १९८४ च्या सुरुवातीलाच आपल्या सीफ्रंट कंपायलरमध्ये चालवून दाखवला होता. सीशी सुसंगती राखण्यासाठी काढावा लागला आणि भाषेच्या २०११ च्या प्रमाण आवृत्तीत परत आला. इटरेटरचं (यादीतून पुढे सरकणाऱ्या खुणेचं) दीड ओळीचं नाव, लॅम्बडाचा (जागीच लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनचा) लिहिताच न येणारा टाइप, यांसाठी तो हवाच. त्याचे नियम जवळपास सगळे टेम्प्लेटच्या (कुठल्याही टाइपवर चालणाऱ्या साच्याच्या) आर्ग्युमेंटचेच आहेत, आणि अॅक्युम्युलेट हाही एक टेम्प्लेटच, म्हणून अ‍ॅक्युम्युलेटमधली चूक आणि ही चूक सख्ख्या बहिणी.

तिसऱ्यांदा: तीस टक्के

हा प्रकार सगळ्यात फसवा होता. बोर्डवरून १२ बिटांचा आकडा येतो, ० ते ४०९५, आणि शांत पातळी २०४८ वर. त्यामुळे आधी वजाबाकी:

ऑटो फरक = नमुना - पातळी;

जुन्या बोर्डच्या लायब्ररीत दोन्ही १६ बिटांचे अनसाइन्ड, म्हणजे उणे किंमत न घेणारे पूर्णांक होते. वजाबाकीआधी ते आपोआप इंटमध्ये बढती घेतात, म्हणून २००० वजा २०४८ बरोबर उणे ४८ यायचे. नवीन बोर्डच्या लायब्ररीत दोन्ही ३२ बिटांचे अनसाइन्ड झाले. त्यांना बढती नाही. वजाबाकी अनसाइन्डच राहते आणि तेच २००० वजा २०४८ आता ४२९४९६७२४८ होतात. आमच्या ओळीत एक अक्षरही बदललं नव्हतं. उजवीकडचा टाइप बदलला आणि ऑटो त्याच्यामागे निघून गेला.

एवढा आकडा व्होल्टमध्ये आणला की ३४ लाखांहून जास्त. हे स्क्रीनवर दिसलं असतं तर पाच मिनिटांत सापडलं असतं. पण पुढे माझीच एक ओळ होती: १.६५ व्होल्टच्या बाहेरचा नमुना अशक्य, तो वायर हलल्याचा धक्का, त्याला शून्य धरा. लहरीचा शून्याखालचा सगळा अर्धा भाग या ओळीने पुसून टाकला. अर्धे नमुने शून्य झाले की वर्गांची सरासरी निम्मी होते आणि वर्गमूळ ०.७ पट. सगळे आकडे गुळगुळीत, पटण्याजोगे, फक्त तीस टक्के कमी. ताईने तर मामांना "सुधारणा आहे" म्हणून सांगितलंसुद्धा.

कंपायलर इथे अवाक्षर काढत नाही, कारण अनसाइन्डचं असं शून्याखालून थेट वरच्या टोकाला जाणं भाषेत रीतसर आहे. क्लँगमध्ये अनसाइन्ड ओव्हरफ्लो पकडणारा सॅनिटायझर (चालत्या प्रोग्रामवर नजर ठेवणारी तपासणी) आहे, तो वेगळा मागून घ्यावा लागतो. आणि अशक्य नमुना गुपचूप शून्य करणारी ओळ तुमच्याकडे असेल तर ती आजच बदला. आमच्याकडे आता असे नमुने मोजले जातात, आणि सेकंदाला पाचाहून जास्त झाले की स्क्रीनवर लाल पट्टी येते.

याच कुळातले बाकीचे

फॉर लूपमध्ये ‘ऑटो’ नुसताच लिहिला तर प्रत्येक घटकाची नक्कल मिळते. चॅनेलमधून पातळी वजा केली तरी मूळ चॅनेल तसाच राहतो. बदल करायचा तर ऑटोपुढे अँपरसँड. ऑटो संदर्भ (मूळ वस्तूचंच दुसरं नाव) आणि वरचा कॉन्स्ट (किंमत बदलू नये ही खूण) दोन्ही गाळतो, म्हणून मोठा व्हेक्टर संदर्भाने मिळत असतानाही नकळत नक्कल होते. बूलच्या (हो-नाही किमतींच्या) व्हेक्टरमधून ऑटोने घेतलेली किंमत बूल नसून व्हेक्टरच्या आत बोट दाखवणारी मधली वस्तू असते. व्हेक्टर गेला की ते बोट हवेत. रिकाम्या व्हेक्टरच्या साइझमधून एक वजा केला तर काय होतं ते वरच्या ४२९४९६७२४८ वरून ओळखता येईल.

टाइप नेमका काय ठरला हे बघायला टाइपआयडी या भाषेतल्या सोयीने मिळणारं नाव छापू नका, ते संदर्भ आणि कॉन्स्ट लपवतं. एक टेम्प्लेट क्लास नुसता जाहीर करा, व्याख्या देऊ नका, आणि डेक्लटाइप (व्हेरिएबलचा टाइप जसाच्या तसा देणारा शब्द) लावून त्या व्हेरिएबलच्या टाइपने त्याची वस्तू बनवायचा प्रयत्न करा. कंपायलर एररमध्येच पूर्ण टाइप वाचून दाखवतो.

आता आमच्याकडे काय आहे

मोजमापाच्या आकड्याला ऑटो नाही, एवढा नियम तोंडी ठेवून भागलं नसतं. तोंडी नियम तर आधीही होताच. म्हणून ‘व्होल्ट’ हा स्वतंत्र टाइप केला, आत एक डबल, कन्स्ट्रक्टर एक्सप्लिसिट, म्हणजे नुसता आकडा आपोआप व्होल्ट बनत नाही. ‘व्होल्टवर्ग’ दुसरा. व्होल्ट गुणिले व्होल्ट म्हणजे व्होल्टवर्ग, आणि व्होल्टवर्गात फक्त व्होल्टवर्ग मिळवता येतो. आता अ‍ॅक्युम्युलेटला नुसतं ० दिलं की इंट अधिक व्होल्टवर्ग अशी बेरीजच अस्तित्वात नाही, बिल्ड थांबतो. यानंतर ऑटो खुशाल वापरा. तो जिथून येईल तिथून एककासकट येईल.

एवढं करायला वेळ नसेल तर सी प्लस प्लस २० मध्ये ऑटोच्या आधी ‘स्टड फ्लोटिंग-पॉइंट’ हा कन्सेप्ट, म्हणजे टाइप दशांशाचाच हवा ही अट, लिहा. ‘फ्लोटिंग-पॉइंट ऑटो बेरीज = ०’ कंपाइल होत नाही. विद्यार्थ्याला मी आधी हेच शिकवलं, त्याला लगेच पटलं.

बोर्डकडून आलेला आकडा मात्र पहिल्याच ओळीत नाव घेऊन इंट ३२ मध्ये उतरवायचा, लायब्ररी काहीही देवो.

चाचण्यांत तीन गोष्टी घातल्या. ०.०५ व्होल्टची बनावट लहर, जिचं उत्तर आधीच माहीत आहे. तीच लहर १,००० पट, उत्तरही १,००० पट. आणि बोर्डवरून खरोखर नोंदवलेली, पातळीच्या वर-खाली दोन्हीकडे जाणारी दहा सेकंदं, जिचा आकडा मी एकदा स्प्रेडशीटमध्ये वेगळा काढून ठेवला आहे. तिसरी चाचणी नसती तर तीस टक्क्यांची चूक पुन्हा निसटली असती. याशिवाय दर शनिवारी पहिल्या पेशंटआधी मी किंवा ताई स्वतः वाकून बघतो: एकदा सैल, एकदा मुद्दाम ताठ. दोन्ही आकडे वेगळे आले तरच मशीन पुढे.

जुन्या नोंदींचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. सुदैवाने प्रत्येक तपासणीची कच्ची फाइल जपलेली होती, हिशोब केलेला आकडा वेगळा. एका रविवारी ऐरोलीला बसून सगळ्या फाइली नव्या बिल्डमधून परत काढल्या आणि ताईला यादी दिली. तिने प्रत्येकाचा केसपेपर काढून जुना आकडा रेघ मारून खोडला, शेजारी नवा लिहिला, तारीख घातली. मामांच्या पहिल्या शनिवारच्या कागदावर ०.०० च्या शेजारी आता ०.२२ आहे. ते पुढच्या वेळी आले तेव्हा तिने त्यांना समोर बसवून तो कागद दाखवला आणि म्हणाली, "मामा, तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतात."